चाचणीपूर्वी करावयाचा विचार

(सिंगापूर येथे एका शनिवारी, हावदालानंतर, मराठी बोलणाऱ्या कुटुंबांच्या घरगुती मेळाव्यात झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



शब्बाथ संपला आहे, हावदालाचा दिवा विझला आहे, तेव्हा ध्वनिमुद्रणाचे यंत्र सुरू करण्यास आता हरकत नाही. आजचा विषय आपल्या बैठकीत सहसा निघत नाही. गरोदर स्त्रीने पहिल्या काही महिन्यांत गर्भाच्या जनुकीय चाचण्या करून घ्याव्यात की नाही, आणि घ्यावयाच्या असतील तर कोणत्या, हा तो विषय होय. मी डॉक्टर नाही आणि रब्बीही नाही. चौदा वर्षे मी येथील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळल्या, आणि त्यांतील एक नळी माझ्या स्वतःच्या रक्ताची होती. या दोन्ही बाजूंनी मला जे कळले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

निमित्त माझ्या भाचीचे. ती आणि तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त येथे आले. एके सायंकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, दहावा आठवडा लागला आहे. डॉक्टरांनी तीन माहितीपत्रके हातात दिली आणि कोणती चाचणी करायची ते पुढच्या भेटीत सांगा म्हणाले. तू काय केलं होतंस?" मी तिला घरी बोलावले. तिला जे सांगितले तेच आज सांगणार आहे, आणि एक गोष्ट, जी तिला फार पूर्वी सांगावयास हवी होती आणि मी सांगितली नाही, तीही सांगणार आहे. तीन महिने पूर्ण होईपर्यंत गरोदरपणाचा उच्चार करू नये, दृष्ट लागते, ही आपल्या घरांतील जुनी समजूत. परंतु ज्या चाचण्यांविषयी मी बोलत आहे त्यांचा निर्णय नेमका याच तीन महिन्यांत करावा लागतो. ज्या काळात आपण गप्प बसतो त्याच काळात बोलण्याची सर्वांत अधिक गरज असते.

प्रथम एक भेद समजून घेऊ. या चाचण्या दोन प्रकारच्या असतात. एक चाळणी, दुसरी निदान. चाळणीत मागे राहिलेला प्रत्येक कण खडा नसतो, हे तांदूळ चाळणाऱ्या कोणत्याही गृहिणीस सांगावे लागत नाही. खडा आहे की मोठा दाणा, हे हातात घेऊन पाहिल्यावरच कळते. चाळणीची चाचणी फक्त एवढेच सांगते की, येथे अधिक पाहण्याचे कारण आहे किंवा नाही. निदानाची चाचणी 'आहे' किंवा 'नाही' असे सांगते. बहुतेक घरांतील गोंधळ आणि अश्रू हे चाळणीचे उत्तर निदान म्हणून ऐकल्यामुळे उत्पन्न झालेले असतात.

सिंगापुरात या चाळण्या साधारणपणे पुढील क्रमाने येतात. पहिल्या भेटीतील रक्ततपासणीत हिमोग्लोबिनाबरोबर तांबड्या पेशींचा आकारही पाहतात. पेशी नेहमीपेक्षा लहान असतील तर लोहाची कमतरता आहे, की ती स्त्री थॅलेसेमियाची वाहक आहे, याचा शोध घेतात. याविषयी पुढे बोलेन.

दुसरी, अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान होणारी, येथे 'ऑस्कर' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी चाचणी. तीत सोनोग्राफीवर गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात, आईच्या रक्तातील दोन घटक पाहतात, आईचे वय विचारात घेतात आणि या सर्वांचे गणित करून एक आकडा काढतात: इतक्यांमध्ये एक. डाउन सिंड्रोम, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असणे, हा तिचा मुख्य रोख. दहांपैकी सुमारे नऊ बाधित गर्भ ती हेरते. पण त्यासाठी शंभरांतील सुमारे पाच निरोगी गर्भांच्या मातांनाही ती विनाकारण काळजीत टाकते.

तिसरी, एनआयपीटी. डॉ. डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले की, गरोदर स्त्रीच्या रक्तात गर्भाकडून आलेल्या डीएनएचे सूक्ष्म तुकडे वाहत असतात. २०११ पासून या शोधावर आधारलेली चाचणी रुग्णांना उपलब्ध झाली. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या दंडातून थोडे रक्त घेतले की पुरते. गर्भाला कोणताही धोका नाही. त्या वेळी आईच्या रक्तातील अशा मोकळ्या तुकड्यांपैकी सुमारे दहावा हिस्सा गर्भाकडचा असतो. मात्र तो हिस्सा प्रत्यक्षात वारेतून आलेला असतो, बाळाच्या शरीरातून नव्हे. वार आणि बाळ यांची गुणसूत्रे बहुधा सारखीच असतात, क्वचित नसतात. म्हणून ही चाचणी कितीही सरस असली तरी तीही चाळणीच होय.

'नव्याण्णव टक्के अचूक' या शब्दांनी कित्येकांची दिशाभूल होते, म्हणून एक छोटेसे गणित करू. पंचवीस वर्षे वयाच्या १०,००० गरोदर स्त्रिया डोळ्यांपुढे आणा. या वयात सुमारे १,२५० गर्भांमागे एकास डाउन सिंड्रोम असतो. म्हणजे १०,००० मध्ये ८. चाचणी बहुधा त्या आठही जणींना हेरील. परंतु हजारात एक एवढीच चूक धरली, तरी उरलेल्यांपैकी सुमारे १० जणींना ती नसलेला धोका दाखवील. ज्या १८ जणींना 'धोका अधिक' असा कागद मिळाला, त्यांतील १० जणींच्या गर्भात काहीही नसेल. आता चाळीस वर्षे वयाच्या १०,००० स्त्रिया घ्या. येथे प्रमाण सुमारे शंभरांत एक, म्हणून १०० गर्भ. चाचणी ९९ हेरील आणि चुकीचे कागद पुन्हा सुमारे १०. चाचणी तीच, शब्द तेच, पण चाळिशीतील स्त्रीच्या हातातील कागद बहुधा खरा ठरतो आणि पंचविशीतील स्त्रीच्या हातातील निम्म्याहून अधिक वेळा खोटा. म्हणून एनआयपीटीच्या उत्तरावरून कोणीही अखेरचा निर्णय करू नये. आजार जितका विरळ, तितके खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण अधिक, हेही या गणितावरून लक्षात येईल. अधिक पैसे भरल्यास गुणसूत्रांचे अतिसूक्ष्म भाग गळाल्यामुळे होणारे दहावीस विरळ आजारही तपासून देऊ, असे सांगितले जाते. तेव्हा हे गणित आठवावे आणि मगच होकार द्यावा.

निदानाच्या चाचण्या दोन. अकरा ते चौदा आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश काढून तपासणे, आणि पंधराव्या आठवड्यानंतर सुईने गर्भजल काढून तपासणे. सुईचे नाव काढताच घरातील वडीलधारी माणसे घाबरतात. पूर्वी या चाचणीमुळे शंभरांत एक गर्भ पडतो असे सांगत. आज अनुभवी हातांत ही जोखीम त्याहून बरीच कमी, दोनशेत एक ते हजारात एक, अशी मानली जाते. जोखीम लहान आहे, शून्य नाही. मुख्य गुणसूत्रांचे उत्तर दोनतीन दिवसांत मिळू शकते; संपूर्ण उत्तरास दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. याखेरीज विसाव्या आठवड्याच्या सुमारास सविस्तर सोनोग्राफी होते. तीत हृदय, पाठीचा कणा, मूत्रपिंडे यांची रचना पाहतात. रक्ताच्या चाचण्यांना न दिसणाऱ्या अनेक गोष्टी तीत दिसतात, म्हणून एनआयपीटी झाली तरी ती टाळू नये.

आता आपल्या समाजाविषयी. येथील एखादे डॉक्टर "तुम्ही ज्यू का?" असे विचारून पुढे "मग ज्यू लोकांच्या आजारांची तपासणी करून घ्या," असे सुचवितात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. मात्र ती यादी प्रामुख्याने पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यूंच्या अनुभवावरून तयार झाली. त्यांच्यात साधारण तिसांत एक व्यक्ती टे-सॅक्स या रोगाची वाहक असते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भास तो रोग होण्याची शक्यता चारांत एक. असे मूल पहिले काही महिने हसते, खेळते, आणि मग एकेक शक्ती गमावत बहुधा चारपाच वर्षांत जाते. १९७१ साली अमेरिकेत बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन येथे डॉ. मायकेल कॅबॅक यांनी सिनेगॉगच्या साहाय्याने लोकांची वाहक-तपासणी सुरू केली. १९८३ मध्ये रब्बी योसेफ एक्स्टाइन यांनी 'दोर येशोरिम' ही संस्था स्थापली. त्यांची स्वतःची चार मुले याच रोगाने दगावली होती. ही संस्था तरुण-तरुणींची तपासणी लग्न ठरण्यापूर्वी करते आणि 'तू वाहक आहेस' असे कोणासही न सांगता, हे दोघे एकमेकांस अनुरूप आहेत की नाहीत एवढेच कळविते. त्या समाजात हा रोग आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

या इतिहासापासून आपण पद्धत जरूर घ्यावी. यादी मात्र जशीच्या तशी घेऊ नये. आपण बेने इस्राएल शतकानुशतके कोकणात राहिलो, तेल गाळले, शनिवारी घाणा बंद ठेवला, आपसांतच लग्ने केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आपल्या रक्तात मध्यपूर्वेतील ज्यू पूर्वज आणि भारतीय पूर्वज या दोहोंचा मोठा वाटा आढळला, आणि समाजातील माणसांचे जनुकीय नाते एकमेकांशी फार जवळचे असल्याचेही दिसले. याचा व्यावहारिक अर्थ असा: डॉक्टरांना नुसते 'ज्यू' असे न सांगता 'भारतातील कोकणचे बेने इस्राएल' असे सांगावे. पती-पत्नीची घराणी पूर्वी कोठे जुळलेली असतील, आते-मामे भावंडांची लग्ने झालेली असतील, तर तेही सांगावे. आणि भारतीय म्हणून थॅलेसेमियाची तपासणी तर अवश्य करावी. भारतात या रोगाचे वाहक शंभरांत तीन-चार इतके असतात आणि वाहकाला स्वतःला काहीच त्रास होत नाही. दोघेही वाहक असल्यास चारांत एका मुलास थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता असते. त्या मुलास जन्मभर नियमित रक्त द्यावे लागते. सिंगापुरात १९९२ पासून राष्ट्रीय थॅलेसेमिया नोंदणी चालू आहे आणि वाहकांच्या नातेवाइकांनाही तपासणीचा सल्ला दिला जातो. पत्नीच्या पेशी लहान निघाल्या तर पतीने त्याच आठवड्यात रक्त द्यावे. पुरुषमंडळी येथे चालढकल करतात, हे मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून वर्षानुवर्षे पाहिले आहे.

'रक्त तपासणे' हे शब्द आपल्यातील वडीलधाऱ्यांना बोचतात, आणि त्यास कारण आहे. १९६२ साली इस्राएलमध्ये प्रमुख रब्बी मंडळाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना आदेश दिला की, बेने इस्राएल वधू-वरांच्या मागील पिढ्यांची चौकशी करावी. आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ मध्ये तो आदेश बदलावा लागला. जे तेथे बसले होते त्यांची मुले-नातवंडे आज आपल्यात आहेत. त्यांना मी नम्रपणे एवढेच सांगेन की, त्या चौकशीचा प्रश्न होता, 'तुम्ही आमचे आहात काय?' या चाचणीचा प्रश्न आहे, 'या बाळाला कशाची गरज लागेल?' पहिला प्रश्न दुसऱ्याने आपल्याला विचारला होता. हा आपण आपल्यालाच विचारावयाचा आहे, आणि न विचारण्याचाही आपल्याला अधिकार आहे.

कायद्याविषयी थोडे, कारण कायदा म्हणजे येथे वेळेची मर्यादा. सिंगापुरात चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यानंतर केवळ मातेचे प्राण वाचविण्यासाठी किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याची गंभीर, कायमची हानी टाळण्यासाठी. त्यापूर्वी समुपदेशन आणि अठ्ठेचाळीस तासांचा विचारकाळ सक्तीचा आहे. भारतात २००८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका दांपत्याचे प्रकरण आले. गर्भाच्या हृदयातील दोष उशिरा उघड झाला होता, त्या वेळची वीस आठवड्यांची कायदेशीर मर्यादा उलटून गेली होती, आणि न्यायालयाने परवानगी नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तेथे काही स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवडे झाली, आणि गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही मुभा मिळते. आपल्यापैकी पुष्कळजणी बाळंतपणासाठी माहेरी जातात. त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एनआयपीटीच्या उत्तरात मुलगा की मुलगी हेही कळू शकते आणि येथे ते सांगतात. भारतात ते सांगणे गुन्हा आहे. असा कायदा प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि देशभराचा कायदा १९९४ मध्ये झाला. आपणही डॉक्टरांना 'ते उत्तर कागदावर नको' असे सांगू शकतो. मी सांगितले होते.

धर्म काय म्हणतो, असे भाचीने विचारले. निर्णय देण्याचा मला अधिकार नाही. परंतु प्रश्न किती कठीण आहे हे दाखविणारी एक गोष्ट सांगते. १९७० च्या दशकात याच टे-सॅक्सविषयी दोन थोर रब्बींचे मत भिन्न पडले. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी लग्नापूर्वीच्या तपासणीस प्रोत्साहन दिले, परंतु गर्भधारणेनंतर गर्भपात करण्यास मनाई केली. जेरुसलेमचे रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी त्या मुलाच्या आणि मातेच्या यातना ध्यानी घेऊन, अशा प्रसंगी सातव्या महिन्यापर्यंत अनुमती दिली. दोघेही तोराचे प्रकांड पंडित होते आणि दोघांच्याही मनात करुणा होती. म्हणून ज्यांना धर्माचा कौल हवा आहे त्यांनी आपल्या रब्बींकडे जावे. पण उत्तर हातात पडल्यावर रडत जाण्यापेक्षा चाचणीपूर्वी शांतपणे जावे.

आता माझ्या घरची हकीकत. २०१४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, मला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिला मुलगा ठाण्यास झाला होता. तेव्हा यांतले काही केले नव्हते. येथे डॉक्टरांनी ऑस्करसाठी दिवस दिला, मी गेले. रोज इतरांच्या नळ्या हाताळणारी मी, ही चाचणी आपण कशासाठी करतो आहोत असा विचार क्षणभरही केला नाही. आकडा आला: ८५ मध्ये १. एमआरटीतून घरी येताना मी मनाशी म्हणत होते की, ८५ पैकी ८४ वेळा काहीच नसते. यजमानांना मात्र तो एकच दिसत होता. दोन स्थानके गेल्यावर ते हळूच म्हणाले, "तसं निघालं, तर आपण पुढे जायचं नाही, हे तर ठरलेलंच आहे ना?" माझ्या मते तसे काहीच ठरलेले नव्हते. आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि हा प्रश्न आम्ही एकमेकांना कधीच विचारला नव्हता.

आम्ही एनआयपीटी केली. उत्तर येईपर्यंतचे दहा दिवस आम्ही जे बोललो ते आधी बोलावयास हवे होते. आपल्यामागे या मुलाला कोण पाहील, हा त्यांचा प्रश्न होता. तो कठोर नव्हता, भीतीचा होता. आपण येथे परवान्यावर राहणारी माणसे. नागरिकांना मिळते तेवढे अर्थसाहाय्य आपल्याला नाही, मेडिसेव्ह खाते नाही, आजी-आजोबा अलिबागेस. मी माझ्या बाजूने माहिती काढली. येथे डाउन सिंड्रोम असोसिएशन आहे, लहान वयातच मुलांना शिकविण्याचे कार्यक्रम आहेत, अशी मुले मोठी होऊन काम करतात, हे मी त्यांना सांगितले. आणि त्या मुलांतील पुष्कळांना हृदयाचा विकार असतो, हेही लपविले नाही. अखेरीस आमचे ठरले की, डाउन सिंड्रोम असेल तर पुढे जायचे. आणि ज्या दोषांत मूल बहुधा काही दिवसांपलीकडे जगत नाही तसे काही निघाले, तर निदान करून घेऊन पुन्हा बोलायचे. दुसऱ्या घरात याच्या उलट ठरेल आणि तेही तितक्याच प्रेमाने ठरलेले असेल. दहाव्या दिवशी उत्तर आले: धोका कमी. आईला फोन केला. एलियाहू हन्नाबीच्या नावाने तिने तिकडे मलिदा केला.

मुलगी पूर्ण दिवसांची, गुटगुटीत झाली. रुग्णालयातून निघण्यापूर्वी नवजात बाळांची श्रवणतपासणी करतात, तीत ती दोन्ही कानांनी उतरली नाही. पुन्हा तपासले. तिला जन्मतःच ऐकू येत नव्हते. आमच्या कोणत्याही चाचणीने ते सांगितले नव्हते, कारण कोणत्याही चाचणीला तो प्रश्न विचारलाच नव्हता. पुढे जनुकीय तपासणीत कळले की जीजेबी२ नावाच्या एका जनुकात आम्हा दोघांकडेही एकच बदल आहे. आम्हा दोघांना उत्तम ऐकू येते. आम्ही केवळ वाहक. माझ्या माहेरच्या आणि सासरच्या आडनावांची गावे कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, एकमेकांपासून दिवसभराच्या चालीवर आहेत. कोणे एके काळच्या कोणा एका पूर्वजाची ती देणगी असावी. पहिल्या वाढदिवसापूर्वी मुलीला कानांत कॉक्लिअर इम्प्लांट बसविले. आज ती शाळेत जाते, भांडते, गाते, आणि रागावली की यंत्र काढून ठेवते, म्हणजे आमचे बोलणे ऐकावे लागत नाही.

लोक विचारतात, आधी कळले असते तर काय केले असते? मूल नाकारले नसते, हे निश्चित. परंतु पहिल्या दोन महिन्यांतील धावपळ, एकमेकांवरचे आरोप, सासूबाईंनी ग्रहणाची आणि मी गोळ्यांची केलेली चर्चा, हे सारे टळले असते. चाचणी म्हणजे गर्भपाताचीच वाट, असे जे समजतात त्यांनी हे ऐकावे. काही चाचण्या केवळ पाळणा योग्य जागी बांधण्यासाठी असतात.

आता ती गोष्ट, जी सांगण्याचे मी आरंभी म्हटले. जनुकीय समुपदेशकांनी तेव्हाच मला सांगितले होते की, हा बदल तुमच्या आई किंवा वडिलांकडून आला आहे. तुमच्या बहिणीतही तो असण्याची शक्यता दोनांत एक आणि तिच्या मुलांत चारांत एक. त्यांना कळवा. मी कळविले नाही. बहिणीची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. पुढे स्थळे येतील, 'त्यांच्या घरात बहिरेपणा आहे' असे लोक म्हणतील, या भीतीने तो कागद मी कपाटात ठेवला. वर्षे गेली. तिचे लग्न आपल्याच समाजात झाले. त्या सायंकाळी ती दहाव्या आठवड्यात माझ्यासमोर बसली होती, आणि जी तपासणी लग्नानंतर केव्हाही निवांतपणे, एका नळीभर रक्तावर झाली असती, ती आता घाईने करावी लागणार होती. मी कपाट उघडून तो कागद तिच्या हातात दिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, आईला मी सांगू की तू सांगशील?" मी त्याच रात्री बहिणीला फोन केला.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. चाचणीपूर्वी पती-पत्नींनी, फक्त दोघांनी, एका संध्याकाळी बसावे आणि चार प्रश्न एकमेकांना विचारावेत. उत्तर 'आहे' असे आले तर आपण काय करू? 'नाही' असे आले तर आपण ते कितपत खरे मानू? उत्तर अर्धवट आले तर सुई घेण्याची तयारी आहे काय? आणि हे उत्तर आपल्याखेरीज आणखी कोणाच्या उपयोगाचे आहे? पहिल्या प्रश्नाला दोघांचेही उत्तर 'काहीच वेगळे करणार नाही आणि आधी कळून घेण्याचीही इच्छा नाही' असे असेल, तर चाचणी न करणे हाही विचारपूर्वक केलेला निर्णय होय. त्यांना कोणी अडाणी म्हणू नये. ज्यांनी चाचणी करून वेगळा मार्ग घेतला त्यांना कोणी निर्दय म्हणू नये. आई-वडिलांनी, सासू-सासऱ्यांनी आणि माझ्यासारख्या मावश्यांनी विचारल्यावर माहिती द्यावी; निर्णय देऊ नये. आणि ज्यांच्या घरात लग्न ठरते आहे त्यांनी दोघांचीही थॅलेसेमियाची आणि घराण्यात काही असल्यास त्याची तपासणी तेव्हाच करून घ्यावी. तेव्हा हाती वेळ असतो, दहाव्या आठवड्यात नसतो.

माझ्या भाचीने आणि तिच्या यजमानांनी पुढे काय ठरविले, हे येथे कित्येकांना विचारावेसे वाटत असेल. ते मी सांगणार नाही. ते त्या दोघांचे आहे. मात्र आपल्यापैकी कोणाच्या कपाटात असा एखादा कागद असेल, तर घरी गेल्यावर तो बाहेर काढावा आणि ज्या नातेवाइकांच्या उपयोगाचा आहे त्यांना फोन करावा.

शालोम.